कॉइलची वायर

एमआरआयच्या टेबलावर पेशंटला निजवलं की टेक्निशियन त्याच्या डोक्यावर, गुडघ्यावर किंवा पोटावर कॉइल बसवतो. शरीरातल्या हायड्रोजनकडून येणारा अतिशय क्षीण रेडिओसंदेश ही कॉइल टिपते. दीड टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या मशीनमध्ये तो 64 मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे तुमच्या एफएमच्या पट्ट्याच्या थोडा खालीच.

1990 मध्ये पीटर रोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक छोट्या कॉइल शेजारीशेजारी मांडून दाखवल्या. चित्र स्वच्छ झालं, पुढे स्कॅनचा वेळही घटला. पण कॉइल वाढल्या तशा वायरी वाढल्या आणि केबल जाडजूड झाली. ही नुसती अडचण नाही. मशीन जोरदार रेडिओलहरी सोडतं तेव्हा केबलमध्ये नको तो प्रवाह निर्माण होतो. केबलचं वेटोळं झालं किंवा ती उघड्या अंगाला टेकली, तर कातडी भाजू शकते. तो प्रवाह अडवायला केबलवर जागोजागी ट्रॅप बसवतात, आणि वजन आणखी वाढतं. लहान मुलाच्या छातीवर हे सगळं ठेवायचं असतं!

मग वायरच काढून टाकली तर? संदेश कॉइलमध्येच डिजिटल करून हवेतून पाठवायचा. एका चॅनेलचे, म्हणजे एका छोट्या कॉइलचे, सेकंदाला 3 कोटी बिट धरले, तर 32 चॅनेलचे जवळपास 100 कोटी होतात. 60 गिगाहर्ट्झच्या लहरींना हे झेपतं. खरी मेख वेगळीच आहे. कॉइलमधलं घड्याळ मशीनच्या घड्याळाशी तंतोतंत जुळलं नाही, तर चित्र बिघडतं. आणि वीज कुठून आणायची? बॅटरी चुंबकाकडे खेचली जाणारी नको, स्कॅनच्या मध्येच संपणारीही नको. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वीजसुद्धा बिनतारी पोचवून पाहिली. कॉइल संदेश टिपत असेल तेवढा वेळ वीज पाठवणं बंद. मला ही युक्ती फार मोलाची वाटते, कारण इतक्या क्षीण संदेशाशेजारी विजेचा जरासा गोंगाटही चालत नाही.

तूर्त आपल्या बहुतेक केंद्रांत केबलच आहे. तेव्हा स्कॅनला गेलात, तर अंग आणि केबल यांच्यामध्ये पॅड ठेवला आहे ना, हे विचारा. आत कुठे गरम लागलं तर सोसत पडून राहू नका. हातात दिलेला रबरी फुगा लगेच दाबा.