आधी बोटांना, मग वहीला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत एक सुंदर शब्द आहे, धुळाक्षरे. पूर्वी मुले धूळपाटीवर लिहायला शिकत. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे आणि तळहात फिरवून पुसायचे. चुकलेल्या अक्षराची खूण मागे राहत नसे.

आज तीन वर्षांच्या मुलाच्या हाती आपण थेट पेन्सिल आणि चौकटीची वही देतो. त्याची बोटे अजून तयार नसतात. पेन्सिल जोरात दाबली जाते, कागद फाटतो, वर लाल फुली पडते. अक्षर येण्याआधी अक्षराची भीती येते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत जात आहे, तिथे ही भीती फार महाग पडते.

यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह काढले. मुले तिथे खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी चाचपत आणि त्यांचा ध्वनी उच्चारत. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार भावनगरला रुजवला. 1945 साली ताराबाई आपल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवर महागडी साधने कुठून आणणार? त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने, माती हाताशी घेतली. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांच्याच कामातून आला.

आमच्या घिवलीला तर समुद्राने वाळू फुकट दिली आहे. ताटात ओलसर वाळू पसरा, झाली धूळपाटी! चिंचोके मांडून ‘ग’ करा. कणकेची वळी करून ‘ळ’ वळा. जुन्या पुठ्ठ्यावर खळीने सुतळी चिकटवा. वाळली की मुलाला डोळे मिटून त्यावरून बोट फिरवू द्या. मात्र दोन गोष्टी सांभाळा. बोट लिहिण्याच्या दिशेनेच फिरले पाहिजे आणि फिरताना तोंडाने त्या अक्षराचा उच्चार झाला पाहिजे.

शेजारची एक चार वर्षांची मुलगी वहीला हात लावायला तयार नव्हती. आई पहाटेच मासळी घेऊन बाजाराला जाते, घरी शिकवणार कोण? ‘घ’ आणि ‘ध’ तिला एकच वाटत. मी सुतळीची दोन्ही अक्षरे तिच्यापुढे ठेवली. ‘घ’वरून तिचे बोट सरळ गेले. ‘ध’च्या डोक्यावर मात्र ते खाचेत पडले. ती ओरडली, “चाचा, याचं छप्पर उडालंय!” तुटलेल्या शिरोरेषेचे इतके चांगले वर्णन मला कवितेतही जमले नसते. त्यानंतर ‘म’ आणि ‘भ’मधला फरक तिने स्वतःच शोधला.

बोटांच्या या शहाणपणावर आमच्या भागाने शंका घेऊ नये. चिंचणी-तारापूर पट्ट्यात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. धातूतली बारीक नक्षी त्यांचा हात ओळखतो. मी लहानपणी शाळेत ‘ग म भ न’ डावीकडून गिरवले आणि मदरशात अलिफ, बे उजवीकडून. हाताने दोन्ही वाटा नीट लक्षात ठेवल्या. चीन-जपानमधल्या मुलांपुढे तर हजारो चिन्हे असतात. तिथे झाडाचे चिन्ह दोनदा मांडले की राई होते, तीनदा मांडले की अरण्य. तीही मुले बोटाने हवेत अक्षरे गिरवतात.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षण सांगितले आहे. पण धोरण अंगणात उतरते ते पालकांमुळे. आपण अंगणवाडीच्या ताईंना “वहीची पाने किती भरली?” असे विचारत राहिलो, तर त्याही वहीच भरून घेतील. त्याऐवजी “आज कशाचे अक्षर केले?” असे विचारून पाहा. उत्तर मूलच देईल. त्याच्या नखांत माती दिसली, तर रागावू नका. त्याचा अभ्यास झालेला आहे.