यादी लागेपर्यंत

(गोंदिया येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)

आज मला कॉलेजच्या प्रवेशावर बोलायचं आहे. तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, हा शिक्षकांचा विषय, आपण हिंसाचार, मजुरी, दारूबंदी यांवर बोलू. पण मुलीचं शिक्षण सुटतं कधी, त्याचा महिना शोधा. आपल्या धानाच्या मुलखात तो बहुतेक वेळा जून-जुलैच निघतो.

2025 चं उदाहरण घ्या. त्या वर्षी अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला. त्याआधी तो मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरता होता. आपल्याकडे मुलगी गुणपत्रिका घेऊन ओळखीच्या कॉलेजात जायची आणि तिथेच प्रवेश व्हायचा. 2025 ला दहावीचा निकाल 13 मे रोजी, नेहमीपेक्षा लवकर लागला. सगळ्यांना बरं वाटलं. पण नोंदणी 21 मे रोजी सुरू होताच संकेतस्थळ बंद पडलं, ती 26 मे पासून पुन्हा सुरू झाली. तारखा पुढे गेल्या आणि पहिली यादी लागली 28 जूनला. निकालापासून 46 दिवसांनी.

या 46 दिवसांत आमगाव, सालेकसा, देवरीच्या गावातली मुलगी काय करते? पुण्यातली मुलगी क्लास लावते. आपली मुलगी लहान भावंडं सांभाळते, मजुरीला जाते, पाऊस पडला की पऱ्हे टाकायला बांधीत उतरते. यादी लागते तेव्हा रोवणी तोंडावर असते. घरात बोलणं सुरू होतं, "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू." तिला कोणी नाही म्हटलेलं नसतं, आणि हो म्हणायचं राहून जातं.

माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या आईने मला सांगितलं, "बाई, मोबाईलवर नाव येईल येईल म्हणून वाट पाहिली. मग तिच्या बाबांनी रोवणीचा सौदा केला, त्यात तिचंही नाव दिलं."

बायांनो, प्रवेशाचा निर्णय दोन ठिकाणी होतो. एक संगणकात, एक चुलीपाशी. संगणकाचा निर्णय लांबला, की चुलीपाशी आधी होऊन जातो.

पुढचं पाहा. पहिल्या यादीत नाव आलेल्यांना कागदपत्रं घेऊन कॉलेजात जायला 30 जून ते 7 जुलै एवढी मुदत होती. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणजे तारीख सरकारने पुढे नेली की ती 'मुदतवाढ', आणि मुलीला चार दिवस उशीर झाला की तिची जागा गेली. रोवणीच्या आठवड्यात बापाची मजुरी बुडवून तालुक्याला जायचं, हा खर्च कुठल्याही परिपत्रकात लिहिलेला नसतो.

बाकी सारं या एका पावतीवर अडलेलं असतं. कॉलेजात नाव लागल्याशिवाय एसटीचा पास नाही, वसतिगृहात प्रवेश नाही. राहायची सोय कळल्याशिवाय बाप कॉलेजला हो म्हणत नाही. मुलगी या फेऱ्यात सापडते.

बारावीनंतर तर घाई आणखी वाढते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागासवर्गीय घरांतल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ही चांगली गोष्ट आहे. पण ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलीसाठी आहे. यादीची वाट पाहताना मुलगी अठराची होते आणि पाहुणे दारात येतात. जी यादीपर्यंत टिकलीच नाही, तिची फी माफ होऊन काय उपयोग?

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. तारखा निकालाआधी जाहीर करा, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि पाळा. सरकारी उशीर झाला तर मुलींनाही तेवढीच वाढीव मुदत द्या. कागदपत्रं तालुक्यातल्या कोणत्याही ज्युनियर कॉलेजात तपासून द्या. वसतिगृहाचा आणि पासाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच घ्या.

आणि आपणही कामाला लागू. निकालाच्या दिवशी प्रत्येक बचत गटाने गावातल्या दहावी-बारावी पास मुलींची नावं वहीत लिहावीत. उत्पन्नाचा, जातीचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा. आठवडी बाजारात मदतीचं टेबल लावावं. यादी लागली की त्याच संध्याकाळी वहीतल्या प्रत्येक घरी जावं. आई एकटी बोलू शकत नसेल, तर चौघीजणी जाऊन बापाशी बोलावं.

रोवणी आपण एकटीने करत नाही, ओळीने उभ्या राहून करतो. हेही तसंच करू या.