मुलाचे पहिले धनुष्य : बळ पाहून निवड करा

(क्रीडाशिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



धनुष्यबाण ही वस्तू महाराष्ट्राला परकी नाही. सातपुड्यातील भिल्ल समाजाच्या जीवनात तीरकामठ्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे स्थान आहे. एकलव्याची कथा तर आपण शाळेच्या पहिल्या इयत्तांपासून ऐकत आलो आहोत. तथापि खेळ म्हणून तिरंदाजीने आपल्या राज्यात जे स्थान मिळविले आहे, ते अलीकडच्या काळातले होय. फलटण तालुक्यातील सरडे या गावचा, मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबातला प्रवीण जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात एकाच दिवशी वैयक्तिक विश्वविजेतेपद पटकाविले. अशा यशाच्या वार्ता खेड्यापाड्यांत पोहोचतात आणि मुले धनुष्य मागू लागतात. पालक शिक्षकांना विचारतात, शिक्षक पंचायतीकडे येतात. तेव्हा मुलाला पहिले धनुष्य कोणते द्यावे, हा प्रश्न आता आपणा सर्वांचा झाला आहे.

महाग म्हणजे योग्य नव्हे

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वापरला जाणारा संपूर्ण संच लाखांच्या घरात जातो. तो पाहून गरीब पालक एक तर निराश होतो किंवा कर्ज काढतो. या दोहोंचीही आवश्यकता नाही. नवशिक्या मुलाला स्पर्धकाचे धनुष्य देणे म्हणजे चालावयास शिकणाऱ्याच्या पायात वडिलांचे जोडे घालणे होय. झारखंडमधील रातू चट्टी येथील रिक्षाचालकाची कन्या दीपिका कुमारी हिचा आरंभ घरगुती बांबूच्या धनुष्यबाणाने झाला. पुढे २०१२ साली ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचली. आपल्या देशातील शालेय व राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा बांबूच्या धनुष्याचा स्वतंत्र प्रकार आहे. तेव्हा बांबूच्या धनुष्याने सुरुवात करणारे मूल मागे राहते, ही समजूत निराधार आहे.

खरी कसोटी भाराची

धनुष्य निवडताना किमतीच्या आधी पाहावयाची गोष्ट म्हणजे त्याचा भार, म्हणजे ते पूर्ण ओढण्यास लागणारे बळ. हा भार पौंडांत मोजतात. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. कारखान्यात तयार झालेल्या धनुष्यावर लिहिलेला भार २८ इंच ओढ गृहीत धरून दिलेला असतो. लहान मूल तेवढे ओढत नाही. ओढ एक इंचाने कमी झाली की भार साधारणपणे एक ते दोन पौंडांनी उतरतो. मुलाची ओढ काढण्याची रीत सोपी आहे. दोन्ही हात आडवे पसरावयास सांगून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यास अडीचने भागावे. अंतर ५५ इंच भरले तर ओढ २२ इंच समजावी.

दहा-बारा वर्षांच्या मुलास प्रारंभी १० ते १४ पौंडांचा भार साधारणतः पुरेसा होतो. परंतु वयापेक्षा प्रत्यक्ष परीक्षा अधिक विश्वसनीय आहे. बाण लावून, समोर लक्ष्य असताना मुलास धनुष्य पूर्ण ओढावयास सांगावे आणि दहापर्यंत अंक मोजावेत. हात थरथरला, खांदा कानाकडे वर चढला किंवा कंबर मागे वाकली, तर ते धनुष्य त्या मुलासाठी जड आहे, असे निःशंक समजावे. ‘मूल वाढते आहे, पुढे उपयोगी पडेल’ हा विचार कपड्यांच्या बाबतीत ठीक आहे. धनुष्याच्या बाबतीत तो घातक ठरतो. जड धनुष्याने खांद्यास इजा होते, चुकीची ढब अंगवळणी पडते आणि बाण लक्ष्यावर न लागल्याने मुलाचे मन खेळावरून उडते. गुणी मूल असे मैदान सोडून गेले, तर ते नुकसान रुपयांत मोजता येत नाही.

कोणता प्रकार घ्यावा?

पहिला पर्याय बांबूचे धनुष्य. ते काही हजारांत मिळते आणि गावातील कारागीर त्याची दुरुस्तीही करू शकतो. दुसरा पर्याय लाकडी मुठीचे, सुटे होणारे रिकर्व्ह धनुष्य. त्याची मूठ तीच ठेवून वरची व खालची पाती बदलता येतात. मुलाचे बळ वाढले की अधिक भाराच्या पात्या घ्याव्यात, संपूर्ण धनुष्य पुन्हा घ्यावे लागत नाही. कंपाउंड धनुष्याला चाके असतात आणि त्याची जुळवणी जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते. म्हणून पहिले धनुष्य म्हणून त्याची शिफारस करता येत नाही.

कोणतेही धनुष्य सुमारे मुलाच्या उंचीइतके असावे. फार आखूड असल्यास दोरी बोटांना चिमटते. मूल डावखुरे आहे काय आणि नेम धरताना त्याचा कोणता डोळा प्रधान आहे, हेही खरेदीपूर्वी पाहावे. बाण मुलाच्या ओढीपेक्षा एक-दोन इंच लांबच घ्यावेत. आखूड बाण मुठीच्या आत ओढला जाऊन हाताला इजा करू शकतो. हातावरचे कवच आणि बोटांचे चामडी आवरण यांत काटकसर करू नये.

पंचायतीने काय करावे?

माझी आग्रहाची सूचना अशी की, आरंभीचे धनुष्य प्रत्येक पालकाने न घेता शाळेने किंवा पंचायतीने घ्यावे. मूल काही महिन्यांतच पहिल्या धनुष्याच्या पुढे जाते, परंतु तेच धनुष्य पुढच्या मुलाच्या कामी येते. मात्र एकाच भाराची दहा धनुष्ये मागविणे चूक होय. वेगवेगळ्या हलक्या भारांची थोडी धनुष्ये, त्यांत एखादे डावखुऱ्यासाठी, आणि बाण मात्र भरपूर, अशी मागणी असावी. खरेदी समितीत शिकविणारा शिक्षक अवश्य असावा, कारण केवळ सर्वांत कमी दराचे पत्रक पाहून मुलाच्या खांद्याचा अंदाज येत नाही.

लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असावा. सर्वांनी एकाच रेषेवरून बाण सोडावेत आणि आज्ञा झाल्याखेरीज कोणीही बाण आणावयास पुढे जाऊ नये. तडा गेलेला बाण त्याच क्षणी बाद करावा. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये, त्याने धनुष्य मोडते. सराव संपल्यावर बांबूच्या धनुष्याची दोरी उतरवून ते ऊन व ओल यांपासून जपावे.

मित्रहो, आजच्या तिरंदाजीत दोरी ओढावयास अंगठा लागत नाही. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांनी ती ओढली जाते. एकलव्याच्या वंशजांना आता अंगठा द्यावयाचा नाही. आपण त्यांना द्यावयाचे आहे ते त्यांच्या हाताला पेलेल असे धनुष्य, सुरक्षित मैदान आणि धीराने शिकविणारा गुरू. एवढे प्रत्येक गावाने मनावर घेतले, तर गुणी मूल केवळ पैशाअभावी मागे राहणार नाही.