डाव्या पायाची खोड

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो आणि आज बोलणार आहे मोटारीच्या क्लचविषयी. तुम्ही म्हणाल, या मास्तरांचा आणि गॅरेजचा संबंध काय? संबंध एवढाच की आमच्या शास्त्रात 'सवय' नावाचं एक प्रकरण आहे, आणि ते समजावून द्यायला गाडी शिकणाऱ्याच्या डाव्या पायाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

विजेवर चालणाऱ्या किंवा आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांना क्लचचं पेडल नसतं, हे खरं. परंतु भाजी नेणारा टेम्पो, शेतातला ट्रॅक्टर, वापरलेली म्हणून स्वस्तात घेतलेली चारचाकी, यांतल्या बहुतेक गाड्यांत ते अजून आहे. तेव्हा हा विषय तुमच्या दारातलाच आहे.

आधी क्लच करतो काय, ते पाहू. इंजिन एकदा सुरू झालं की फिरतच राहतं. गाडी जागेवर उभी असली तरी ते मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत असतं. चाकांना मात्र कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं असतं. या दोघांची गाठ घालून देणारा आणि वेळ आली की सोडवणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र असतं, त्याच्यासमोर क्लचप्लेट असते. आपला पाय पेडलवर नसतो तेव्हा आतली स्प्रिंग ही प्लेट चक्रावर घट्ट दाबून धरते आणि दोन्ही एकजीव होऊन फिरतात. पेडल दाबलं की दोन्ही सुटी होतात. म्हणजे दाबणं हे तोडणं आणि सोडणं हे जोडणं. हे उलटं गणित नवशिक्याच्या पायाला चटकन उमगत नाही.

पूर्ण तुटलेलं आणि पूर्ण जुळलेलं यांच्यामध्ये एक जागा असते. तिथं चक्र आणि प्लेट एकमेकांवर घासतात. गाडी धक्का न बसता हलावी म्हणून हे घासणं आवश्यकच आहे. पण ते क्षणभराचं असावं. जात्यात दाणे न टाकता ते फिरवीत बसलं तर काय होईल? दगडच दगडाला खाईल. क्लचचंही तसंच होतं. प्लेट तापते, झिजते, जळका वास येतो. आणि ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणून प्लेटच्या किमतीवर मजुरीचा भार वेगळा पडतो.

आता खोडी पाहू. मुख्य चार आहेत.

पहिली खोड, चालत्या गाडीत पाय पेडलवर ठेवून देणं. 'मी दाबत नाही हो, नुसता टेकवला आहे,' असं माणूस सांगतो. परंतु पायाला स्वतःचं वजन असतंच. तेवढ्या भारानंही पकड थोडी सैल होऊ शकते आणि पेडलशी जोडलेली बेअरिंग विनाकारण घासत राहते. ट्रॅक्टरवर शिकलेल्यांत ही खोड सहज लागते. नांगरताना प्रत्येक तासाच्या शेवटी बांधापाशी वळायचं असतं, म्हणून पाय आधीपासूनच पेडलवर तयारीत बसतो. मग तोच पाय पुढं मोटारीतही तसाच बसतो.

दुसरी खोड, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणं. पुढं बैलगाडी किंवा एसटी थांबलेली असते. आपण ब्रेक न लावता क्लच आणि ॲक्सिलरेटर यांच्या तोलावर गाडी लोंबकळत ठेवतो. पाहणाऱ्याला वाटतं, काय सफाई आहे! आत मात्र प्लेट भाजत असते.

तिसरी खोड, पेडल एकदम सोडून देणं. गाडी उसळी मारते किंवा बंद पडते. समोर मूल उभं असेल तर ती उसळी किती महागात पडेल, हे सांगायला नको.

चौथी खोड सर्वांत घातक. उताराला लागलं की क्लच दाबून धरणं, किंवा पेट्रोल-डिझेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देणं. कुंभार्ली घाट उतरताना किंवा महाबळेश्वराहून पोलादपूरकडे आंबेनळी घाटातून जाताना गाडी गिअरमध्ये असेल, तर इंजिन स्वतः तिला मागं ओढून धरतं. क्लच दाबला की तो आधार तुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून तापले की त्यांची पकड कमी होते, आणि ती कमी झाल्याचं नेमकं वळणावर कळतं. इंजिन बंदच करून टाकलं तर ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी यंत्राची मदतही जाते. बचतीचं म्हणाल, तर आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठा बहुतांशी थांबतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन फिरत ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे बचत नाही ती नाहीच, वर जिवाला घोर.

या खोडी लागतात कशामुळं? लोक म्हणतात, निष्काळजीपणामुळं. मला ते पटत नाही. माझ्या मते यांतल्या बहुतेक खोडींचं मूळ भीतीत आहे. गाडी बंद पडेल, मागचा हॉर्न वाजवील, शेजारी बसलेला ओरडेल, चौकातली चार माणसं हसतील, या भीतीनं पाय पेडलला चिकटतो. बुडणारा माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो ना, तसं. आणि भीती गेली तरी पाय तिथंच राहतो. कारण तोवर त्याची सवय झालेली असते. शिकणारी एखादी बाई असेल तर हसणारे जरा जास्तच असतात, आणि मग तिच्या पायाला दोष देणारेही तेच असतात!

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. पायाच्या बाबतीत ती खरी नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सवयीवर एक संपूर्ण प्रकरण लिहिलं आहे. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा: नव्या सवयीला जोरानं आरंभ करावा, ती मुरेपर्यंत एकही अपवाद करू नये, आणि संधी मिळताच ती कृतीत आणावी. दोऱ्याचा गुंडा गुंडाळताना एकदा हातून निसटला, तर कितीतरी फेरे एका क्षणात उलगडतात, असा दाखला तो देतो. मला यात एकच भर घालायची आहे. 'पाय ठेवू नकोस' एवढं सांगून भागत नाही. पाय कुठं ठेवायचा तेही सांगावं लागतं. रिकामा पाय जुन्या घरी परत जातो.

म्हणून हे काही साधे पाठ सांगतो.

पहिला पाठ मोकळ्या, सपाट मैदानावर करावा. पहिला गिअर टाकावा. ॲक्सिलरेटरला पायच लावू नये. टाच जमिनीला टेकवून पेडल सावकाश सोडीत यावं. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित उतरतो, गाडी थरथरते आणि चालू लागते. ती पकडीची जागा. तिथं पाय क्षणभर थांबवावा, मग उरलेलं पेडल सोडावं. पुन्हा क्लच आणि ब्रेक दाबून थांबावं. असं वीस वेळा करावं. गाडी बंद पडली तर पडू द्यावी. बंद पडलेली गाडी चावीनं पुन्हा सुरू होते. त्यात कुणाचं काही जात नाही.

दुसरा पाठ पायाच्या घराचा. क्लचच्या डावीकडं पाय टेकायला जागा असते. प्रत्येक वेळी गिअर बदलून झाला की तोंडानं म्हणावं, 'पाय घरी', आणि पाय तिथं न्यावा. मोठ्यानं म्हणायला लाज वाटेल. वाटू द्या. जीभ बोलते तेव्हा पाय ऐकतो. काही दिवसांनी बोलणं आपोआप थांबेल, पाय मात्र जात राहील.

तिसरा पाठ चढाचा. गाडी हँडब्रेकवर उभी करावी. पहिल्या गिअरमध्ये पकडीच्या जागेपर्यंत क्लच सोडावा, थोडी रेस द्यावी, गाडी पुढं ओढ घेते आहे असं जाणवलं की हँडब्रेक सोडावा. आधी हलक्या चढावर करावं, मग मोठ्या. मागं सरकण्याची भीती एकदा गेली की अर्ध्या क्लचवर लोंबकळण्याची गरजच उरत नाही.

चौथा पाठ थांबण्याचा आणि उतरण्याचा. वेग कमी करायचा असेल तर आधी ब्रेक. इंजिन अडखळू लागण्याच्या थोडं आधी क्लच. घाट उतरताना खालचा गिअर आधीच टाकून घ्यावा. वळणावर जाऊन मग आठवणं उपयोगाचं नाही. हे लक्षात असू द्या की ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढं जाते.

हे सगळं एकाच दिवशी करू नका. एका आठवड्यात एकच खोड धरा. कायद्यानं शिकाऊ परवाना मिळाल्यापासून किमान ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. ते ३० दिवस म्हणजे नुसती वाट पाहण्याचे दिवस नव्हेत. चार आठवडे, चार खोडी. हिशेब बरोबर बसतो. आणि या काळात शेजारी परवानाधारक शिकवणारा असणं आणि गाडीला पुढंमागं लाल 'एल' अक्षर असणं आवश्यक आहे, हे विसरू नका.

शेवटी दोन शब्द शिकवणाऱ्यांसाठी. त्यांत माझे शिक्षक बंधुभगिनीही आले. शेजारी बसून 'क्लच! क्लच!' असं ओरडू नका. त्या ओरडण्यानं पाय पेडलवर जातो आणि तिथंच राहतो. वर्गातही हेच घडतं. पाढा चुकेल या भीतीनं मूल बोटं मोजायला लागतं; आपण बोटांवर छडी मारतो, भीती वाढते, आणि बोटं पाठीमागं लपून मोजू लागतात. खोड गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. त्यापेक्षा चुकायला एक सुरक्षित मैदान द्या. गाडीसाठी ते गावाबाहेरचं माळरान असेल, मुलासाठी तुमचा वर्ग असेल.

तेव्हा श्रोतेहो, उद्या गाडीत बसाल तेव्हा पहिले दोन किलोमीटर बाकी काही पाहू नका असं मी म्हणणार नाही. रस्ता पाहायलाच हवा! परंतु गिअर बदलून झाला की मनाशी एवढं जरूर विचारा: माझा डावा पाय आत्ता कुठं आहे? या प्रश्नाचं उत्तर ज्याला रोज देता येतं, त्याची खोड निम्मी गेली असं समजावं. उरलेली निम्मी महिनाभराच्या सरावानं जाते.