कोप आणि राजीनामा

मार्च 2013 मध्ये विधानभवनाच्या आवारात एका पोलीस अधिकाऱ्यास मारहाण केल्याच्या आरोपावरून पाच आमदार निलंबित झाले, आणि त्यांपैकी क्षितिज ठाकूर हे नालासोपाऱ्याचे, म्हणजे आपल्याच तत्कालीन ठाणे जिल्ह्याचे, प्रतिनिधी होते. राजीनामा मात्र कोणी दिला नाही. कायद्यान्वये सामान्यतः दोन वर्षांचा कारावास ठोठावला गेल्यावाचून आमदारकी जात नाही. तेव्हा क्रोधाचा निवाडा सदसद्विवेकाकडेच उरतो. याउलट 2008 साली, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर, तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटलांना एका अनुचित वाक्यापायी गृहखाते सोडावे लागले! भातसा धरणाचे पाणी मुंबईस जात असता टँकरची प्रतीक्षा करणाऱ्या शहापूरकरांसाठी लोकप्रतिनिधी सभेत संतापून बोलला, तर तो संताप क्षम्य मानावा. परंतु हुद्द्याने दुबळ्या माणसावर त्याने हात उगारल्यास राजीनामाच हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.