दुकान बंद ठेवून बँकेत येऊ नका

मंडळी, तुमच्यातले बरेच जण हप्ता भरायला ऐन भवानीच्या वेळी शटर ओढून शाखेत येतात. रांगेत तासभर जातो, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. हा तास खर्चात कुणीच धरत नाही!

एकदाच स्टँडिंग इन्स्ट्रक्शनचा फॉर्म भरून द्या. कर्जाचा हप्ता, आरडी ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप वळती होईल. तारीख मात्र उधारी वसूल झाल्यानंतरची मागा. शिल्लक कमी पडली तर हप्ता चुकतो, वर दंड.

घाऊक व्यापाऱ्याचे पैसे रात्री हिशेब झाल्यावर मोबाइलवरून एनईएफटीने पाठवा. डिसेंबर २०१९ पासून ही सोय चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते.

यायचंच असेल तर दुसरा-चौथा शनिवार टाळा. आमच्याकडे दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा कर्जाविषयी निवांत बोलता येईल.