हापसा कुणाचा?

(भिवंडी येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी हप्ता, व्याज यावर बोलणार नाही. हापशावर बोलणार आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या पाड्यावरचा हापसा बावीस दिवस बंद होता. मुंबईला पाणी नेणारे मोठमोठे नळ आपल्याच तालुक्यातून जातात आणि आम्ही डोक्यावर हंडा घेऊन डोहावर जात होतो. शेवटी मिस्त्री आला, पाइप वर काढले. तेव्हा कळलं, आतला वॉशर झिजला होता. एवढ्याशा वॉशरसाठी बावीस दिवस! तेव्हापासून मी या हापशाची माहिती काढत गेले. ती तुम्हालाही सांगते, कारण या हापशाचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे.

आपल्या जमिनीखाली काळा पाषाण. त्यात विहीर खणायची म्हणजे सुरुंग लावा, दगड उपसा, महिनेच्या महिने जायचे. मग हवेच्या दाबावर बोअर मारणाऱ्या गाड्या आल्या. 1972 च्या दुष्काळात त्यांचं मोल कळलं. पण नुसतं भोक पाडून भागत नाही, पाणी वर कसं आणायचं? तेव्हाचे हापसे बिडाचे, एका घरापुरते बनवलेले. त्यावर अख्खं गाव पाणी भरायचं. दांडे मोडायचे, खिळी झिजायच्या. सत्तरच्या दशकात युनिसेफने पाहणी केली, तर चारातले तीन हापसे बंद!

मार्ग निघाला तो जालना आणि सोलापुरात. जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडचं मिशन आणि सोलापूरला सोलापूर वेल सर्व्हिस ही बोअर मारणारी, हापसे बसवणारी संस्था. यांचं काम गावात चालायचं, त्यामुळे हापसा कुठे मोडतो ते डोळ्यांसमोर होतं. त्यांनी बीड सोडून पोलाद घेतलं, दांड्याची रचना बदलून मजबूत केली. सोलापूरचा हापसा सगळ्यांत टिकाऊ निघाला. त्याच्याच धर्तीवर युनिसेफ आणि सरकारने ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. 1858 साली मुंबईत सुरू झालेल्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या मद्रासच्या कारखान्यात तो बनू लागला. 1979 साली त्याला आय.एस. 9301 हे मानक मिळालं. एका कंपनीची मक्तेदारी ठेवली नाही, म्हणून पुढे कितीतरी कारखान्यांनी तो बनवला आणि तो आफ्रिकेपर्यंत गेला.

पण एक अडचण राहिली. मार्क टूचा वॉशर बदलायला सगळे पाइप वर काढावे लागतात. त्याला माणसं लागतात, मोठी हत्यारं लागतात. म्हणून ‘मार्क थ्री’ आला. त्याचा पाइप रुंद, पाइप न काढता नुसते रॉड ओढून वॉशर बदलता येतो. गावातल्या माणसाला जमावं, हाच हेतू. आणि बायकांना हे जमतं बरं का! उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या बायका 1990 च्या दशकात हापशाच्या मिस्त्री झाल्या. मग आपल्याला का जमू नये?

आजपासून करता येईल असं सांगते. महिन्यातून एकदा वरचं झाकण उघडून साखळीला ग्रीस लावा, नट आवळा. मिनिटभरात चाळीस वेळा दांडा मारून पाणी मोजा. निदान बारा लिटर यायला हवं. कमी आलं तर वॉशर झिजतोय असं समजा आणि बंद पडायची वाट न बघता कळवा. तक्रारीची तारीख वहीत लिहा, पोच घ्या.

माझी मागणी एवढीच, प्रत्येक ग्रामसंघाने दोघी जणींना हे काम शिकायला पाठवावं. पान्यांचा एक संच आणि दोन वॉशर गटाच्या कपाटात असावेत. सोलापूरच्या लोकांना हापशाचा दोष कळला, कारण तो रोज त्यांच्या हाताखाली होता. आपल्या तर तो रोजच हाताखाली आहे.

यंदाच्या उन्हाळ्याआधी हा ठराव वहीत लिहूया.